रेडिओमावशीची पाववाली

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्याला दोन खोल्या होत्या. पुढची मोठी, शिलाई मशिनांची. तिथे शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन "जेवलीस का?" असं ओरडलं तरी तिला नुसते ओठ हललेले दिसायचे. मागची लहान, हातकामाची. तिथे काज व्हायचे, बटणं लागायची, लोंबते धागे कापले जायचे, मग इस्त्री आणि घडी. मधे जाडजूड दार. ते लोटून घेतलं की मागच्या खोलीत शांतता पसरायची. आणि चार बायका एका खोलीत असताना शांतता फार वेळ राहू देणं बरं नव्हे. एक तर भांडण होतं, नाहीतर झोप येते. म्हणून त्या खोलीत रेडिओ होता.

हा रेडिओ हाडामांसाचा होता. पंचावन्नच्या घरातली, बुटकी, जाड भिंगांचा चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेली बाई. तिचं खरं काम धागे कापण्याचं. पण दुपारचे डबे उरकले की ती कात्री खाली ठेवायची, चष्मा नाकावर चढवायची आणि पुस्तक उघडायची. तिच्या वाट्याचे शर्ट बाकीच्या तिघी आपसात वाटून घ्यायच्या. हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. एकदा तसं झालं, दुसऱ्यांदा झालं, आणि मग पाण्याला उतार सापडावा तशी ती रीतच पडली. तिघींनी तिचे धागे कापायचे, तिनं तिघींना वाचून दाखवायचं.

आणि वाचायची कशी! दुष्ट मामा बोलायला लागला की घडीआजीची इस्त्री हवेतच थांबायची. नायिका रडली की बटणवालीचा सुईत दोरा जायचा नाही. सुपरवायझरबाई काहीतरी निमित्त काढून आत यायच्या, "हे एवढंच बघायला आले होते" म्हणायच्या आणि प्रकरण संपेपर्यंत दाराशी रेंगाळायच्या. रेडिओमावशीला सर्दी झाली की "आज रेडिओला खरखर आहे", आणि ती सुट्टीवर असली की "बॅटरी गेली". तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं.

पुस्तकं मात्र एकाच बाईची. घडीआजी चर्चमधल्या कपाटातून आणायची. ती लेखिकाबाई म्हणजे काही ऐरीगैरी नव्हे. श्रद्धेच्या कादंबऱ्या लिहायची. देवावरचा विश्वास, हरवलेली माणसं, चुकलेल्या वाटा, आणि शेवटी सगळं मार्गी. कपाटात तिचं पुस्तक जागेवर सापडेल तर शपथ. एक परत आलं की दोघी टपलेल्या. मागच्या खोलीत पुस्तकांची नावं कुणी लक्षात ठेवत नसे. दीपगृहवालीचं पुस्तक, आंधळ्या सुताराचं पुस्तक, पाववालीचं पुस्तक, अशीच ती ओळखली जायची.

आता आवडतं म्हणजे सगळ्यांना सारखं आवडतं असं थोडंच आहे?

बटणवाली उचलली जीभ लावली टाळ्याला या जातीची. "हिच्या पुस्तकात शेवटी सगळे सुधारतात बाई," ती म्हणायची. "दारुडा सुधारतो, सावकार सुधारतो, कुत्रासुद्धा चावायचं सोडतो. आमचा वरच्या मजल्यावरचा कधी सुधारायचा? पहाटे पहाटे खुर्च्या ओढतो मेला."

"त्याच्यासाठी प्रार्थना केलीस का कधी?" घडीआजी विचारायची. आजी चर्चला जाणारी, नियमाची.

"केली ना. खुर्ची मोडावी म्हणून."

घडीआजीची तक्रार वेगळी. बाईंची श्रद्धा खणखणीत, तिथे बोट ठेवायला जागा नाही. पण प्रेमाबिमाचं जरा जास्तच. "हात धरला इथवर ठीक आहे. पुढे आपण दार लावून घ्यावं. ही बाई खिडकी उघडी ठेवते." एवढं बोलायची, आणि मावशीनं ते पान उलटलं की वर विचारायची, "मधलं काही गाळलं नाहीस ना गं?"

काजेवाली मात्र काहीच बोलत नसे. ती पस्तिशीची, किडकिडीत, मान खाली घालून काज करायची. तिचा काज असा की उलट्या बाजूनंही सुलट वाटावा. लेखिकाबाईंबद्दल तिच्यापुढे कुणी वाकडं बोललं तर ती मान वर करून नुसतं बघायची, आणि बटणवालीसारखी बटणवालीसुद्धा विषय बदलायची. का, ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे, सगळ्यांना वाटत होतं की माहीत आहे. खरं काय ते एकट्या मावशीला ठाऊक होतं.

त्यासाठी जरा मागे जायला हवं. मावशी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासऱ्यांची दृष्टी गेलेली होती. आवाज गेलेला नव्हता. रोज सकाळी सुनेनं वर्तमानपत्र वाचायचं आणि त्यांनी त्याच्याशी भांडायचं. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब आहे, फार मनाला लावून घेऊ देऊ नका. सून हुशार. तिनं हळूहळू बातम्यांना हात लावायला सुरुवात केली. आगीत सापडलेली माणसं तिनं शिडीवरून खाली आणली. पुरात वाहून गेलेल्यांना झाडावर बसवलं. त्या घरात कितीतरी वर्षं एकही विमान पडलं नाही. सासरे सुखानं गेले, आणि जाताना म्हणाले, "जग सुधारतंय गं." ती घळाघळा रडली होती, पण तिला मनातल्या मनात थोडं हसूही आलं होतं.

ती सवय हाताला राहिली. मागच्या खोलीतही ती इकडंतिकडं जरा तिखटमीठ लावायची. दुष्ट मामाला दोन शिव्या जास्त, कंटाळवाण्या प्रवचनाला कात्री. धागे कापणारीच ती, लोंबतं दिसलं की हात जायचाच. ते काही कुणाच्या जिवावर बेतणारं नव्हतं.

पाववालीच्या पुस्तकाचं तसं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी काजेवालीची मुलगी तापानं गेली. एकुलती. काजेवाली बरेच दिवस आलीच नाही. आली ती अशी, की कुणीतरी खुर्चीवर नुसते कपडे आणून ठेवलेत. बोलणं नाही, डबा उघडणं नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत वाचन चाललेलं पाववालीचं. गावातली भट्टीवाली बाई, पाव भाजते, सगळ्यांना उठवते, हसवते. मावशी घरी पुढची पानं आधी चाळून ठेवायची. त्या संध्याकाळी चाळता चाळता तिचा हात थबकला. पाववालीची मुलगी जाते. रडारड होते, भट्टी विझते. ठीक. आणि लगेच पुढे एकच ओळ: "एका सकाळी ती उठली, खिडकी उघडली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत." पुढच्या परिच्छेदात भट्टी पेटलेली, गिऱ्हाईक दारात.

मावशीचं डोकंच फिरलं. तिनं पुस्तक आपटलं. नवरा बसचा ड्रायव्हर, पाय पाण्यात बुडवून बसला होता. तो दचकला.

"काय झालं? कोण मेलं?"

"मेलं ते बरोबर मेलं. पण ही बाई एका ओळीत उठली! एका ओळीत! मी तर गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय खुर्चीतूनसुद्धा उठत नाही."

"मग वाचू नकोस."

"न वाचून कसं? तिघी वाट बघत असतात."

"मग तुझं ते कर. वडिलांच्या वेळेस करायचीस ते."

त्याला वाटलं, आपण गंमत केली. ती मात्र रात्रीची भांडी घासता घासता त्याचाच विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी मावशीनं पुस्तक उघडलं, डोळे छापील ओळींवरून फिरवले आणि तोंडानं भलतंच वाचलं. तिची पाववाली उठलीच नाही. ती विझलेल्या भट्टीसमोर जमिनीवर बसून राहिली. धर्मगुरू समजवायला आले तर म्हणाली, "तुमचा देव मोठा आहे ना? त्याच्याकडे एवढी लेकरं, माझ्याकडे एकच होतं. हिशेब येतो का त्याला?" धर्मगुरू तिथेच बसून राहिले. घडीआजीनं इस्त्री खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले, पण "गाळ ते" म्हणाली नाही. काजेवालीचा हात काजात थांबला होता.

आठवडाभर पाववाली जमिनीवरच. मावशीचीच पंचाईत झाली. बसवली खरी, आता उठवायची कशी? शेवटी तिला शेजारीण सुचली. शेजारीण भली बाई. गावाला पाव मिळावा म्हणून स्वतःच पीठ मळायला घेते. पण हाताला सवय नाही. पाणी जास्त, मग पीठ जास्त, मग पुन्हा पाणी. कोपरापर्यंत चिकटलेली. पाव भाजला तो असा, की पोरांनी त्यानं दारात खिळा ठोकला. पाववाली कोपऱ्यातून बघत होती. बघवेना. शेवटी म्हणाली, "अगं, सरक तिकडे. असं मळतात का? ते काय तुझा वैरी आहे?" आणि उठली. पिठाच्या रागानं उठली.

काजेवाली हसली. हुंदका अडकल्यासारखं, नाकातून. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा. मग तिनं डबा उघडला आणि दोन घास खाल्ले. बटणवालीनं आपल्या डब्यातला एक घास तिच्या डब्यात सरकवला.

तेव्हापासून लेखिकाबाई म्हणजे काजेवालीचा देवमाणूस. आणि मावशीच्या तोंडाला कुलूप.

हे असंच चाललं असतं. पण एका सोमवारी घडीआजी धापा टाकत आली. "अगं, बाई येतायत! आपल्या चर्चच्या हॉलमधे! शनिवारी दुपारी, वाचकांशी गप्पा मारायला. पाळकसाहेबांनी सांगितलं, ज्याला जे वाटतं ते बोला, बाईंना कौतुकाचा कंटाळा आलाय म्हणे."

"मग मला पुढच्या रांगेत बसवा," बटणवाली म्हणाली.

आणि काजेवालीनं मान वर केली. "मला बोलायचंय त्यांच्याशी," ती म्हणाली. "पिठाचं जे आहे ना, ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय एकदा. त्यांना वाचून दाखवा म्हणणार आहे."

मावशीच्या हातातली कात्री खाली पडली.

तो आठवडा तिचा जीव टांगणीला लागला. सांगून टाकावं तर ज्या ओंडक्याला धरून ही पोर काठाला लागली तोच काढून घेतल्यासारखं होईल. न सांगावं तर शनिवारी सगळ्यांसमोर फजिती, तीही आपल्या एकटीची नव्हे, काजेवालीचीही. बुधवारी ती मनाचा हिय्या करून काजेवालीशेजारी जाऊन बसली.

"ऐक ना गं. ते पाववालीचं..."

"थांब मावशी, हे बघ आधी." काजेवालीनं पिशवीतून पांढऱ्या कापडाचं पुस्तकाचं वेष्टण काढलं. कडेला सगळीकडे काजाचा टाका, एकासारखा एक. मधोमध तपकिरी दोऱ्यानं भरलेला छोटा पाव. "बाईंना द्यायचंय. पाववालीच्या पुस्तकाच्या मापाचं केलंय. बरं दिसतंय ना? खरं सांग."

"छान दिसतंय," मावशी म्हणाली. तेवढंच खरं तिला त्या दिवशी बोलता आलं.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. लाकडी खुर्च्या, करकरणारा पंखा, टेबलावर पाण्याचा तांब्या. लेखिकाबाई आल्या तेव्हा कुणाला कळलंच नाही. सगळ्यांनी त्यांना खुर्च्या लावणारी बाई समजून बाजूला सरकवलं. लहानखुऱ्या, थोड्या वाकलेल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसणाऱ्या. बसस्टॉपवर दिसतात तशा.

बोलायला मात्र धीट. पाळकसाहेबांनी कौतुकाला सुरुवात केली तशा म्हणाल्या, "ते राहू द्या. भांडायचं कुणाला आहे?"

एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी सांगितलं, तुमची भाषा गोड आहे पण माणसं साखरेत बुडवलेली. त्यांच्याच बायकोनं मागून उठून सांगितलं, यांच्या आजारपणात रात्र रात्र ही साखरच मी खात होते, यांना काय माहीत, हे झोपले होते. हॉल हसला. एक नर्स म्हणाली, तुमच्या पुस्तकात प्रार्थना केली की ताप उतरतो, आमच्याकडे रोज उतरतोच असं नाही. बाईंनी मान हलवली. "माझ्याही घरी नाही उतरला," एवढंच म्हणाल्या.

मग बटणवाली. "तुमच्या पुस्तकात शेवटी सगळे सुधारतात ते कसे हो? आमच्याकडे तर कुणीच नाही सुधारत."

"माझा दीर अजून नाही सुधारला," बाई म्हणाल्या. "म्हणून तर पुस्तकात सुधारून घेते. तिथे तो मला उलट बोलू शकत नाही."

बटणवाली खूश होऊन खाली बसली. "बाई बऱ्या आहेत गं," ती मावशीच्या कानात म्हणाली. मावशीला ऐकू आलं नाही. काजेवाली उठली होती.

ती बोलली. मुलगी गेली हे सांगितलं. पाववाली जमिनीवर बसली, देवाशी भांडली, ते सांगितलं. "मी घरात बसून तेच म्हणत होते, आणि मला वाटायचं, असं मी एकटीच म्हणते, म्हणून मी वाईट. तुम्ही ते पुस्तकात लिहिलंत. आणि ते पीठ, शेजारणीचं. ती पिठाच्या रागानं उठली ना, तेव्हा..." तिनं पिशवीतून वेष्टण काढून हातात धरलं. "ते एकदा वाचून दाखवाल? तुमच्या आवाजात?"

लेखिकाबाईंच्या हातात पाववालीचं पुस्तक होतंच. त्यांनी ते उघडलं नाही. त्या काजेवालीकडे बघत राहिल्या, गोंधळून, पण फार मायेनं.

"बाळ," त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात शेजारीण नाही."

हॉलमधे पंखा तेवढा करकरला. काजेवालीला आधी कळलंच नाही. मग तिनं हळूच मागे वळून पाहिलं. मावशीचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा पांढरा सपाट झाला होता, आणि तिनं चष्मा काढून मुठीत धरला होता.

"रेडिओ," बटणवाली हळू आवाजात म्हणाली, "हे काय गं?"

काजेवालीनं पिशवी उचलली, वेष्टण छातीशी धरलं आणि रांगेतून बाहेर पडली. दारापाशी थांबून म्हणाली, "आम्ही तुझे धागे कापत होतो मावशी. बाईंचं पुस्तक ऐकायला कापत होतो."

सभा संपल्यावर मावशी तशीच बसून होती. लेखिकाबाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"माझी ओळ का काढलीत?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, पण हसतही नव्हत्या.

"खोटी वाटली," मावशी म्हणाली. आता लपवायचं काय उरलं होतं? "राग मानू नका. तुमची दीपगृहवाली मी तीनदा वाचलीय. तुमच्या त्या आंधळ्या सुतारानं स्पर्शावरून लेक ओळखली तिथे मला दर वेळी रडू येतं. पण ही बाई एका ओळीत उठली हो. असं कुणी उठतं का?"

बाई पिशवीचे बंद गुंडाळायला लागल्या. "माझा मुलगा गेला," त्या म्हणाल्या. "मी वर्षभर पडून होते. आणि एका सकाळी खिडकीशी उभी होते. कशी उठले ते मला आजतागायत माहीत नाही. माहीत असतं तर प्रकरण लिहिलं असतं. माहीत नव्हतं म्हणून एक ओळ लिहिली. त्या सबंध पुस्तकात बाकी सगळं रचलेलं आहे बाई. ती एकच ओळ माझी आहे."

मावशीला धरणी दुभंगावी असं झालं. लोंबता धागा म्हणून कापायला गेली, आणि सगळी शिवण त्याच्यावरच उभी होती.

"शेजारणीनं पीठ फार वाईट मळलं होतं का?" बाईंनी मधेच विचारलं.

"पोरांनी त्या पावानं खिळा ठोकला."

बाईंच्या तोंडून हसू फुटलं, आणि मग त्यांनी ते पदरात लपवलं. उठता उठता म्हणाल्या, "चांगली आहे तुमची शेजारीण. पण पुढच्या वेळी माझ्या नावावर खपवू नका. तिला तिच्या नावानं येऊ द्या."

सोमवारी मागच्या खोलीत रेडिओ बंद. मावशी मुकाट्यानं स्वतःचे धागे स्वतः कापत बसली. काजेवाली तिच्याकडे पाठ करून. दार लोटलेलं, आणि शांतता अशी की सुपरवायझरबाई आत डोकावून "कुणी आजारी आहे का?" विचारून गेल्या.

दोन दिवसांनी बटणवालीच्यानं राहवेना. "मग तो दुष्ट मामा? लिफ्टमधे रात्रभर अडकला तो?"

"तो मी अडकवला," मावशी म्हणाली.

"अगं बाई! आणि दीपगृहवालीचा नवरा परत आला तो?"

"तो बाईंनीच आणला."

"मला वाटलंच," बटणवाली म्हणाली. "तो बाईंच्या माणसांसारखा आला होता, अंघोळबिंघोळ करून."

घडीआजी इस्त्री फिरवत बोलली, "आणि त्या सुताराच्या लग्नानंतरचं? ते कुणाचं?"

"ते बाईंचं होतं आजी. मी निम्मं गाळलं."

"गाळलंस?" आजीचा चेहरा पडला, आणि बटणवाली हसता हसता बटणांचा डबाच सांडून बसली. मावशीही हसली. काजेवाली खाली वाकून बटणं गोळा करायला लागली, पण हसली नाही.

शुक्रवारी डबे झाल्यावर तिनं मावशीसमोर पुस्तक आणून ठेवलं. पाववालीचं. चर्चच्या कपाटातून स्वतः जाऊन आणलेलं.

"वाच," ती म्हणाली. "छापलंय तेच."

मावशीनं चष्मा चढवला. बटणवालीनं मुकाट्यानं मावशीपुढचे शर्ट ओढून घेतले, अर्धे आजीकडे सरकवले. मावशी वाचायला लागली. भट्टी, ताप, रडारड. मग तिचा आवाज त्या ओळीशी आला. नटवला नाही, सजवला नाही. "एका सकाळी ती उठली, खिडकी उघडली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत."

दाराच्या पलीकडे मशिनं गडगडत होती.

"परत," काजेवाली म्हणाली.

मावशीनं परत वाचलं. मग पुस्तक मिटून, त्यावर हात ठेवून, हॉलमधे बाई काय बोलल्या ते सांगितलं. मुलाचं, वर्षभराचं, खिडकीचं. त्यात तिनं एक शब्द पदरचा घातला नाही. घालता आलाही नसता.

काजेवालीनं हातातला काज पुरा केला. "हे मला तेव्हा ऐकवलं असतंस तर मी पुस्तक भिरकावलं असतं," ती म्हणाली. "आणि तुलाही. तेव्हा मला शेजारीणच हवी होती." मग जरा थांबून, "पण आता रोज उठतेच की मी. कशी ते मला तरी कुठे माहीत आहे?"

तिनं पिशवीतून ते पांढरं वेष्टण काढलं आणि मावशीच्या हातातल्या पुस्तकावर चढवलं. मापात बसलं. तपकिरी पाव बरोबर मधोमध आला.

"हे बाईंना पाठव. घडीआजी पाळकसाहेबांकडे देईल. सांग त्यांना, पाव शेजारणीचा आहे, चावू नका." मग तिनं मावशीच्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट केलं. "आणि तू. आता यापुढे तुझं काही घालायचं असलं की हा काढायचा. म्हणजे आम्हाला कळेल कोण बोलतंय."

"काढला तर मला दिसत नाही गं काही."

"स्वतःचं बोलायला काय बघायचंय?"

तसं ठरलं. नवीन पुस्तक आलं, नावाड्याच्या बायकोचं. बटणवालीनं पहिल्याच प्रकरणात भाकीत केलं की तिचा सासरा शेवटी सुधारणार. घडीआजीनं बजावलं की या खेपेला काही गाळायचं नाही, आपण आता म्हाताऱ्या झालो, आपल्याला सगळं चालतं. मावशी चष्मा नाकावर जपून वाचत होती, छापील ते छापील, पानांमागून पानं. दुष्ट सासऱ्याला एक शिवीसुद्धा जास्त दिली नाही.

मग एका दुपारी नावाडी वादळात सापडला. बाईंनी त्याला पुरात लोटलं आणि त्याच्या बायकोला काठावर आणून गुडघ्यांवर बसवलं. प्रार्थना चांगली होती, गोड होती. मावशी एका सुरात वाचत होती. वाचता वाचता तिनं भिंगांवरून हळूच पाहिलं.

काजेवाली दाताखाली दोरा धरून बसली होती. तिनं दोरा तोडला.

"किती वेळ बसवणार तिला तिथे?" ती म्हणाली. "काढ की मावशी आता चष्मा."